लांडग्याच्या पोटातला दस्तऐवज

सोलापूरच्या माळावर हिंडणाऱ्या लांडग्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १८३१ साली. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातला अधिकारी. दख्खनची लोकसंख्या, पिके, हवामान अशी माहिती गोळा करण्याचे काम त्याच्याकडे होते. त्या कामाच्या जोडीने त्याने इथल्या सस्तन प्राण्यांची यादी केली आणि ती लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे मांडली. त्या यादीत हा लांडगा ‘कॅनिस पॅलिपेस’ म्हणून नोंदला गेला. ‘पॅलिपेस’ म्हणजे फिकट पायांचा. शेजारी ‘लांडगा’ हे मराठी नावही त्याने दिले.

त्या काळच्या प्राणिशास्त्राचा रिवाज असा की, कातड्याचा रंग, कवटी, दात आणि शेपटीची लांबी एवढे नोंदले की प्राण्याची ओळख पुरी झाली. आतड्यात काय आहे, हा प्रश्न त्या यादीच्या बाहेरचा होता.

पुढे सरकारने लांडग्याची दखल घेतली ती वेगळ्या कारणासाठी. हिंस्र श्वापद मारून पुरावा आणावा आणि रोख बक्षीस न्यावे, अशी पद्धत ब्रिटिश हिंदुस्थानभर रुजली. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींच्या आधारे दिलेला हिशेब असा : १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. वाघाच्या शिकारीवर ग्रंथ निघाले, छायाचित्रे निघाली. लांडग्याच्या वाट्याला बक्षिसाच्या वहीतली एक ओळ आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला कागदावर अभय मिळाले. तोवर त्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्याच्या मरणाची बेरीज होती.

मला या लेखात लांडग्याकडे दुसऱ्या बाजूने, म्हणजे आतून पाहायचे आहे. मी पशुवैद्य नाही. माळरानाच्या इतिहासाचा पाठपुरावा करताना मात्र एक गोष्ट पुनःपुन्हा समोर आली. लांडग्याच्या पोटातला जंत हा एक दस्तऐवज आहे. लांडगा काय खातो, कुणाच्या शेजारी राहतो, माळावरची माणसे मेलेल्या जनावराचे काय करतात, हे सगळे त्यात उतरलेले असते. तो वाचायला शिकायला माणसाला फार काळ लागला, आणि वाचून झाल्यावरही आपण त्यातले निम्मेच अमलात आणले आहे.

जंत अनेक जातींचे असतात. काहींना एकच प्राणी पुरतो. गोलकृमी आईच्या पोटातूनच पिल्लात उतरतो. कुत्र्याचे पिल्लू अनेकदा जन्मतःच तो घेऊन येते. अंकुशकृमी ओल्या मातीतून, पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. कुत्रा, कोल्हा, खोकड, लांडगा ही सगळी श्वानकुळातली मंडळी असल्याने यातले बरेच जंत त्यांना सामाईक आहेत. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते फीतकृमी, कारण त्यांना जगायला दोन घरे लागतात. एक घर मांस खाणाऱ्याच्या आतड्यात आणि दुसरे गवत खाणाऱ्याच्या शरीरात. एकाने दुसऱ्याला खाल्ल्याशिवाय या जंताची पिढी पुढे सरकत नाही.

त्यातल्या दोघांची ओळख इथे करून घ्यावी लागेल. पहिला ‘टीनिया मल्टिसेप्स’. कुत्र्याच्या किंवा लांडग्याच्या आतड्यात तो हातभर लांबीचा होतो. त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात. ती मेंढीच्या पोटात गेली की त्यातून निघालेली अळी रक्तावाटे मेंदूत पोचते आणि तिथे पाण्याची गाठ बनून वाढते. मेंढी मान एका बाजूला टाकते, एकाच जागी गोल गोल फिरते, कळपामागे रेंगाळते आणि शेवटी पडते. या रोगाला पशुवैद्यकात ‘गिड’ म्हणतात. दुसरा ‘एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस’. हा जेमतेम काही मिलिमीटरचा, तीन-चार पेरांचा. कुत्र्याच्या आतड्यात तो हजारोंच्या संख्येने असला तरी कुत्रा धडधाकट दिसतो. त्याची अंडी मेंढी, म्हैस, गाय किंवा माणसाच्या पोटात गेली की यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. या हायडॅटिड गाठी माणसात वर्षानुवर्षे मुकाट वाढतात आणि कधी कधी नारळाएवढ्या झाल्यावर शस्त्रक्रियेच्या टेबलावर सापडतात.

यकृतात पाणी भरल्याचे वर्णन प्राचीन ग्रीक वैद्यकात आहे. आपल्याकडे चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. मेंढीच्या मेंदूतली गाठ युरोपातल्या मेंढपाळांना शतकानुशतके ठाऊक होती. गाठीवरचे कवटीचे हाड मऊ पडते, हे त्यांनी बोटांनी ओळखले होते आणि काही जण तिथे छेद देऊन पाणी काढूनही टाकत. पण ही गाठ आणि कुत्र्याच्या विष्ठेत दिसणारी पांढरी फीत यांचे नाते जुळवणे कुणाला साधले नव्हते. दोन प्राण्यांतली दोन वेगळी रूपे एकाच जीवाची असतील, ही कल्पनाच अवघड होती. १७८२ मध्ये योहान गोएझे या जर्मन धर्मोपदेशकाने हायडॅटिड गाठीतल्या बारीक कणांचे निरीक्षण केले आणि ते फीतकृमीच्या डोक्यासारखे दिसतात, हे नोंदवले. त्यानंतरही सत्तर वर्षे गेली.

उलगडा झाला तो १८५० नंतरच्या काही वर्षांत. सॅक्सनीतल्या त्सिटाउ या गावचा डॉक्टर फ्रीड्रिख क्युखेनमाइस्टर याने गिडने आजारी मेंढीच्या मेंदूतली गाठ कुत्र्यांना खाऊ घातली आणि कुत्र्यांच्या आतड्यात फीतकृमी मिळवले. मग त्या कृमींची अंडी निरोगी मेंढ्यांना दिली, तर मेंढ्यांना गिड झाला. वर्तुळ पुरे झाले. त्याच सुमारास कार्ल फॉन झीबोल्ड याने मेंढीतल्या हायडॅटिड गाठी कुत्र्यांना देऊन त्यांतून तो इवलासा फीतकृमी काढून दाखवला. १८६३ मध्ये बर्लिनच्या बर्नहार्ड नाउनिन याने माणसाच्या शरीरातल्या गाठींवर हाच प्रयोग केला. माणसाच्या यकृतातली गाठ आणि दारातल्या कुत्र्याच्या पोटातला जंत एकच, हे तेव्हा सिद्ध झाले.

ज्ञान हाती आल्यावर एका देशाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. आइसलंडमध्ये त्या काळी माणसांत हायडॅटिड गाठींचे प्रमाण भयंकर होते. हाराल्ड क्राबे हा डॅनिश शास्त्रज्ञ १८६३ मध्ये तिथे गेला. त्याने शंभर कुत्री तपासली. अठ्ठावीस कुत्र्यांत हा जंत निघाला. परत येऊन त्याने सोप्या भाषेत एक पुस्तिका लिहिली आणि ती १८६४ मध्ये आइसलंडच्या घराघरांत वाटली गेली. तिचे सार एवढेच होते की, कापलेल्या मेंढीचे आतडे-काळीज कुत्र्याला कच्चे घालू नका, गाठी जाळा किंवा खोल पुरा, आणि कुत्र्याला जंताचे औषध द्या. पुढे कुत्र्यांच्या संख्येवर कायद्याने बंधन आले. लांब हिवाळ्यात वाचनाची सवय असलेल्या त्या समाजात पुस्तिका खरोखर वाचली गेली. दोन-तीन पिढ्यांत हा रोग तिथून जवळजवळ गेला. आइसलंडमध्ये लांडगा नव्हता आणि नाही. म्हणजे जंताचा एवढा मोठा संसार लांडग्याशिवाय, निव्वळ कुत्रा आणि मेंढी यांच्या बळावर चालला होता. सोलापूरच्या संदर्भात ही बाब मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

त्याच दशकांत आपल्याकडे काय चालले होते? १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. माणसे गेली, जनावरे गेली. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते १८८६ मध्ये. १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि चार वर्षांत ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली. तिच्यापुढचा मोठा शत्रू होता बुळकांडी. ती साथ आली की गावचे गाव बैलांविना होई. शेती आणि लष्कराची वाहतूक दोन्ही ठप्प. मेंढी मारणारा, सावकाश चालणारा, साथीसारखा गाजावाजा न करणारा जंत त्या यादीत खालीच राहणार होता. टी. साउथवेल यांचे फीतकृमींवरचे दोन खंड ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत १९३० मध्ये निघाले. तिथे जंतांचे आकडे, पेरे, आकृत्या नीट मांडल्या गेल्या. पण आइसलंडमध्ये जी पुस्तिका घरोघर गेली, तशी पुस्तिका मेंढपाळाच्या हातात इथे पडली नाही.

वास्तविक हा जंत राहावा अशी सगळी सामग्री दख्खनच्या माळावर फार जुनी आहे. घोडनदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत गुरांबरोबर शेळ्यामेंढ्यांची हाडे मिळाली. म्हणजे निदान तेव्हापासून पाळीव मेंढरू आणि रानटी लांडगा या पट्ट्यात शेजारी आहेत. त्यांच्यामध्ये राखणीला उभा राहिला कुत्रा, जो स्वतः लांडग्याचाच दूरचा वंशज. धनगराच्या वाड्यावर रात्री वाघर लावून मेंढरे आत कोंडली की बाहेर कुत्रीच जागतात. या पशुपालक संस्कृतीत कुत्र्याला नुसती चाकरी नाही, मानही आहे. खंडोबाच्या मूर्तीशेजारी कुत्रा असतो आणि त्याचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतात. सोलापूरजवळ बाळ्याच्या खंडोबाला चंपाषष्ठीला जाणाऱ्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. लांडगा चोर, कुत्रा राखणदार, अशी ही जुनी मांडणी. जंताच्या नजरेतून पाहिले तर दोघेही सारखेच : दोन चालती-फिरती आतडी.

विसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरचा माळ अभ्यासकांच्या नकाशावर आला तो माळढोक पक्ष्यामुळे. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य जाहीर झाले १९७९ मध्ये. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी माळढोकाच्या कामासाठी इथे आले. पुढे सतीश कुमार आणि रहमानी यांनी नान्नजच्या लांडग्यांवर लिहिले. लांडगे पाळीव जनावरे किती आणि कशी उचलतात, याचाही अभ्यास केला. त्यानंतर बिलाल हबीब यांचा अलीगढ विद्यापीठातला प्रबंधही याच लांडग्यांवर झाला. बक्षिसाच्या वहीत एका ओळीपुरता असलेला प्राणी आता कळप, बीळ, पिल्ले, भक्ष्य अशा तपशिलांनी उलगडू लागला.

या अभ्यासाचे एक मुख्य साधन म्हणजे लांडग्याची विष्ठा. ती वाळवून, धुऊन तिच्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की काळवीट, ससा, उंदीर, शेळी, मेंढी असा आहार कळतो. विष्ठा हाताळणारे अभ्यासक ती आधी उष्णता देऊन निर्जंतुक करतात, कारण तिच्यात एकिनोकॉकसची अंडी असू शकतात आणि ती माणसालाही बाधतात. केसावरून कळते लांडग्याने काल काय खाल्ले ते. जंतावरून कळते त्याचे जेवण वर्षानुवर्षे कुणाच्या ताटातले आहे ते. यातली एक अडचण लक्षात ठेवायला हवी. या कुळातल्या फीतकृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखी दिसतात. गिडचे कोणते आणि हायडॅटिडचे कोणते, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यासाठी डीएनए तपासावा लागतो. अंडे पाहून आरोपी ठरवण्याची घाई म्हणूनच करू नये.

नान्नजच्याच माळावर अबी तमिम वनक यांनी खोकड आणि गावकुत्री यांच्या नात्याचा अभ्यास केला. कुत्र्यांच्या वावरामुळे खोकड चांगल्या जागा सोडून देतात, असे त्यातून दिसले. अनिरुद्ध बेलसरे यांनी सहकाऱ्यांसह इथल्या कुत्र्यांच्या आणि खोकडांच्या रक्ताची तपासणी केली. डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंशी बहुतेक प्रौढ कुत्र्यांचा संबंध येऊन गेलेला होता. हे अभ्यास विषाणूंचे आहेत, जंतांचे नव्हेत. पण त्यांनी एक वाट दाखवून दिली : माळावर रोगाचा मोठा साठा गावकुत्र्यांत असतो आणि रानातल्या मोजक्या श्वानांकडे तो तिथून वाहतो. आपण शतकभर उलटे समजत आलो. रान गावाला धोका देते, असे आपण मानले. इथे गाव रानाला धोका देत आहे.

जंताच्या बाबतीतही हिशेब असाच लागतो. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर पश्चिम भारतातल्या कत्तलीच्या जनावरांतील हायडॅटिड गाठींची जनुकीय तपासणी केली; ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांना सर्वांत जास्त आढळला तो म्हशीशी जोडलेला प्रकार. दख्खनचा लांडगा काही म्हशींवर जगत नाही. म्हशीचे काळीज-फुप्फुस ज्याच्या तोंडी सहज लागते तो कत्तलखान्याच्या मागे, खाटकाच्या दुकानापुढे, उकिरड्यावर बसलेला कुत्रा. ते वर्तुळ माणसाने आपल्या हाताने फिरते ठेवलेले आहे.

मग लांडग्याचा वाटा कुठे? तो आहे, पण तो घेणाऱ्याचा अधिक आहे. गिड झालेली मेंढी कळपामागे पडते आणि मागे पडलेली मेंढी लांडगा उचलतो. उत्तर अमेरिकेत आइल रॉयल बेटावर डेव्हिड मीच यांनी १९६० च्या आसपास लांडगे आणि मूस हरणांचा अभ्यास केला. ज्यांच्या फुप्फुसात हायडॅटिड गाठी आहेत, दम लागतो, असे वयस्क मूस लांडग्यांना सोपे पडत असावेत, असे त्यांनी सुचवले. तिथे वर्तुळ पूर्णपणे रानटी होते : लांडगा आणि मूस, मध्ये माणूस नाही. सोलापूरच्या माळावर काळवीट आणि लांडगा यांचे असे वर्तुळ एके काळी चालले असेल. आज कुरणे नांगरली गेली, उसाखाली गेली, औद्योगिक वसाहतींखाली गेली. देशभरात लांडगे उरले सुमारे तीन हजार. त्यांच्या ताटात शेळ्यामेंढ्या आणि वस्तीबाहेर फेकलेली मढी वाढली. लांडग्याच्या आतड्यात पाळीव जनावरांचा जंत सापडला, तर तो आपल्या उकिरड्याचा पत्ता सांगतो, असेच म्हणावे लागेल.

आता हवामानाकडे पाहू. या फीतकृमींची अंडी थंड, ओल्या जागी महिनोन्महिने टिकतात. कोरड्या हवेत आणि तापल्या जमिनीवर ती लवकर मरतात. सोलापूरचा पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास आणि उन्हाळा चाळीस-बेचाळीस अंशांवरचा. म्हणजे वैशाखातल्या उघड्या माळावर अंड्यांचा निभाव लागणे कठीण. त्यांना फावते ते पावसाळ्यात, ओढ्याकाठच्या गवतात, तळ्याच्या काठाला, विहिरीजवळच्या सावलीत, म्हणजे नेमके जिथे मेंढी चरते आणि पोरे खेळतात तिथे. गिडची लक्षणे दिसायला अंडे पोटात गेल्यापासून साधारण दोन ते सहा महिने लागतात. पावसाळ्यात गावाजवळ गिळलेले अंडे हिवाळ्यात, कळप दूर मुलखात तळावर असताना, गोल फिरणारी मेंढी बनून समोर येते. तेव्हा मेंढपाळाला वाटते, या मुलखाचे पाणी बाधले. पडायला आलेली मेंढी कापली जाते, नको तो भाग कुत्र्यांपुढे पडतो आणि वर्तुळ पुन्हा सुरू होते. कारण आणि परिणाम यांच्यात काही महिने आणि शेकडो मैल पडल्याने हे नाते अनुभवी डोळ्यांनाही दिसत नाही. यात मेंढपाळाचे अज्ञान नाही. जंताचे वेळापत्रकच तसे आहे.

एक कोकरू गेले तरी त्या घराचा हिशेब बिघडतो. लांडग्याने नेलेले मेंढरू डोळ्यांना दिसते, त्यावर संताप येतो, बिळे बुजवली जातात, कधी मढ्यात विष घातले जाते. जंताने नेलेले मेंढरू मात्र नशिबाच्या खात्यावर जाते. दोन्ही नुकसाने एका वहीत मांडली, तर लांडग्याच्या नावावरची काही रक्कम नक्कीच दुसरीकडे वळती करावी लागेल.

उपाय १८६४ सालच्या त्या पुस्तिकेतला आहे. त्यात भर पडली ती चांगल्या औषधाची. १९७० च्या दशकात आलेले प्राझिक्वाँटेल कुत्र्यातला फीतकृमी एका मात्रेत मारते. अंड्यांवर मात्र त्याचा इलाज नाही, म्हणून औषधानंतर एक-दोन दिवस कुत्रा बांधून ठेवावा आणि विष्ठा पुरावी लागते. कुत्र्याच्या पोटात गेलेल्या गाठीतून निघालेला कृमी अंडी देण्याइतका मोठा व्हायला एकिनोकॉकसच्या बाबतीत सहा-सात आठवडे लागतात. त्यामुळे एकदा औषध देऊन भागत नाही, वर्षातून निदान चार वेळा द्यावे लागते. आणि कच्चे आतडे, काळीज, गाठ असलेली मुंडी कुत्र्यापुढे टाकायची नाही, हा पहिला नियम. लांडग्याला औषध पाजायला कुणी रानात जाणार नाही, त्याची गरजही नाही. कुत्रा आणि मढे यांची व्यवस्था झाली की लांडग्याचे ताट आपोआप स्वच्छ होते.

मंगळवेढे तालुक्यात हुलजंतीला दिवाळीच्या अमावास्येला महालिंगरायाची यात्रा भरते. बिरोबा आणि महालिंगराया या गुरुशिष्यांच्या पालख्यांच्या भेटीसाठी महाराष्ट्र, कर्नाटकातून धनगर समाज तिथे लोटतो, भंडारा उधळला जातो. पावसाळा संपलेला असतो आणि अनेक कळप लांबच्या चराईला निघायच्या बेतात असतात. ओल्या महिन्यांत कुत्र्यांच्या पोटात जे काही साठले असेल, ते वाटेवर सांडण्याआधी थांबवायचे, तर वर्षातली याहून सोयीची वेळ नाही. यात्रेतल्या गर्दीत एक साधा मांडव, कुत्र्याला एक गोळी, मालकाच्या हातात मराठी आणि कन्नडमधली चार पानांची पुस्तिका, आणि मेंदूतल्या गाठीचे एक चित्र, एवढ्यावर सुरुवात होईल. आइसलंडमध्येही सुरुवात अशाच एका पुस्तिकेने झाली होती.